यूचं झाड: विष नेमकं कुठे असतं आणि कशाने भिनतं

इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या चर्चच्या आवारात शरद ऋतूत गेलात, तर काळपट हिरव्या, घनदाट झाडावर लालभडक मणी लगडलेले दिसतील. हे यूचं झाड. त्यातला एक मणी तळहातावर घेऊन नीट पाहा. बोर किंवा करवंद असतं तसं हे बंद फळ नाही. लाल, बुळबुळीत गराची इवलीशी वाटी असते, एका बाजूने उघडी, आणि तिच्या आत सहा-सात मिलिमीटरची तपकिरी, कठीण बी बसलेली असते. वाटीचा गर गोडसर असतो आणि या अख्ख्या झाडात तेवढ्या गरातच विष नाही. बी विषारी आहे, पानं विषारी आहेत, डहाळ्या, साल, लाकूड, मुळंसुद्धा विषारी आहेत. लहान मुलांना खुणावतो तो नेमका तो लाल गर, आणि त्याच्या आत दडलेली असते बी.

पण याच मण्यात एक दिलासाही आहे. बी चावली गेली नाही तर तिचं कवच पोटात फुटत नाही आणि ती जशी गेली तशीच बाहेर पडते. कस्तुर जातीचे पक्षी हिवाळ्यात यूचे मणी मनसोक्त खातात, गर पचवतात आणि बिया विष्ठेतून दूरवर टाकतात. झाडाला तेच हवं असतं: बी पसरावी, पण कुणी ती फोडू नये. म्हणून यूच्या बाबतीत पहिला प्रश्न ‘किती गिळलं?’ हा नसतो, ‘चावलं का?’ हा असतो. पानांना मात्र असं कवच नाही. पान खाणारं जनावर ते चावून चावून बारीक करतं, म्हणून यूची खरी शिकार माणसांपेक्षा गुरं आणि घोडे जास्त होतात.

युरोपातल्या यूचं शास्त्रीय नाव टॅक्सस बकाटा. अमेरिकेतल्या घरांपुढे झुडूप म्हणून लावतात तो बहुधा जपानी यू किंवा या दोघांचा संकर असतो. आपल्या हिमालयातही यू आहे. गढवालमध्ये त्याला थुनेर म्हणतात, हिमाचलात रखाल, काश्मीर-जम्मूच्या बाजूला बिरमी. देवदार, बांज यांच्या सावलीत, साधारण दोन ते सव्वातीन हजार मीटर उंचीवर तो हळूहळू वाढतो. या सगळ्या जाती विषारी आहेत. महाराष्ट्रात हे झाड आपणहून उगवत नाही, पण त्याची पानं आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानापर्यंत पोहोचू शकतात. त्याबद्दल शेवटी.

हृदयात काय होतं

विषाचं नाव टॅक्सिन. आर्नस्टाट या जर्मन गावातल्या लुकास नावाच्या औषधविक्रेत्याने १८५६ साली ते पानांतून वेगळं काढलं. हा एकच पदार्थ नाही, एकमेकांसारख्या अनेक अल्कलॉइडांचं ते मिश्रण आहे, आणि त्यातलं ‘टॅक्सिन-B’ हृदयाला सर्वांत घातक.

हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या सूक्ष्म लहरीने पडतो. पेशीच्या आवरणात सोडियमची आणि कॅल्शियमची दारं असतात. दारं उघडली की भारित कण आत येतात, पेशी आकसते आणि शेजारच्या पेशीला इशारा मिळतो. टॅक्सिन ही दोन्ही दारं अडवतं. दिंडीत पुढच्या ओळीच्या टाळकऱ्यांनी ठेका धरला आणि मागच्यांना तो उशिरा ऐकू आला तर जे होईल, तेच इथे होतं. प्रत्येक कप्पा आपल्या वेळेने, मागेपुढे आकसू लागतो. आकसण्याचा जोरही कमी पडतो, कारण त्यासाठी लागणारं कॅल्शियमच आत येत नाही.

ईसीजीच्या कागदावर हे सरळ दिसतं. त्या गुलाबी कागदावरची एक लहान चौकट म्हणजे ०.०४ सेकंद. हृदयाचे खालचे कप्पे आकसतात तेव्हा जी टोकदार रेघ उमटते, ती निरोगी माणसात तीन लहान चौकटींपेक्षा, म्हणजे ०.१२ सेकंदांपेक्षा, कमी जागेत मावते. यूच्या विषबाधेत ती रुंद होत जाते, टोक बोथट होतं, आणि पुढे वरच्या-खालच्या कप्प्यांचा मेळच उरत नाही. नाडी आधी मंदावते. मग खालचे कप्पे बेताल धावू लागतात किंवा पार थांबतात.

आपल्याकडची कण्हेर आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, हीसुद्धा हृदयावरच जातात, म्हणून लोक सगळं एकाच माळेत ओवतात. पण वाट वेगळी आहे. कण्हेरीचं विष पेशीतला सोडियम-पोटॅशियमचा पंप बंद पाडतं, डिगॉक्सिन या औषधासारखं, आणि म्हणून डिगॉक्सिनवरची प्रतिपिंडं तिथे उतारा म्हणून उपयोगी पडतात. यूच्या विषावर असा कोणताही खात्रीचा उतारा नाही. ‘हृदयावरची विषारी वनस्पती’ एवढंच सांगून डॉक्टरांचं काम भागत नाही. झाड कोणतं होतं, हे कळायला हवं.

घोडा, गाय, शेळी

जनावरांमध्ये फार मोठा फरक पडतो. घोड्याला शरीराच्या दर किलोमागे ०.२ ते ०.४ ग्रॅम पानं प्राणघातक ठरू शकतात. ५०० किलोचा घोडा धरला तर १०० ते २०० ग्रॅम, म्हणजे दोन-तीन मुठी. दोर झाडाला बांधून मालक पाच मिनिटं बोलत उभा राहिला, तेवढ्यात घोडा इतकं सहज ओरबाडतो. डुकराला किलोमागे सुमारे ०.७ ग्रॅम, गाईला २ ग्रॅम, मेंढीला अडीच ग्रॅम. शेळी बरीच सोसते, सुमारे १२ ग्रॅम. युरोपातली रो हरणं आणि अमेरिकेतली पांढऱ्या शेपटीची हरणं यू कुरतडतात आणि जगतात. हे सगळे अंदाजाचे आकडे आहेत. विषाचं प्रमाण झाडागणिक बदलतं आणि हिवाळ्यात वाढतं. त्यामुळे ‘आमच्या शेळ्या खातात, काही होत नाही’ यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

हरणांना चालतं म्हणून हरणासारख्या दिसणाऱ्या सगळ्यांना चालतं, असंही नाही. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात पेएट गावाजवळ ५० प्राँगहॉर्न एकाच वेळी मेलेले सापडले. जबर हिवाळा होता, रानातला चारा बर्फाखाली गेला होता, कळप खाली वस्तीत उतरला आणि बागांमधल्या शोभेच्या जपानी यूवर तुटून पडला.

पशुवैद्यांपुढे बहुतेक वेळा आजारी जनावर येतच नाही, थेट मेलेलं येतं. सकाळी गोठ्यात किंवा कुरणात जनावर आडवं, आजूबाजूला तडफडीच्या खुणा नाहीत, तोंडात अजून हिरवा घास. शवविच्छेदनातही अवयव जवळजवळ ठीकठाक दिसतात. निदान होतं ते पोटातल्या चाऱ्यात चपटी, सुईसारखी पानं सापडली तर. पानं चघळून ओळखू येईनाशी झाली असतील तर प्रयोगशाळेत ३,५-डायमेथॉक्सिफिनॉल हा पदार्थ शोधतात. यूमधल्या एका घटकापासून तो शरीरात तयार होतो आणि यू पोटात गेल्याची खूण म्हणून वापरला जातो.

जनावर जिवंत सापडलं तर लक्षणं अशी: अंग थरथरतं, चाल लडबडते, नाडी मंद, श्वास जड, मग एकदम कोसळणं. इथे माणसं एक चूक हमखास करतात. जनावराला उठवायला, चालवायला, गाडीत चढवायला जातात. आधीच अडखळणाऱ्या हृदयावर तो ताण पडतो आणि जनावर त्या झटापटीतच जातं. त्याला आहे तिथेच, शांत, सावलीत राहू द्यावं आणि पशुवैद्याला तिथे बोलवावं. त्याआधी, किंवा शक्य असेल तर त्याच वेळी दुसऱ्या माणसाने, उरलेला यू बाकीच्या जनावरांसमोरून उचलावा. गाई-म्हशींत पहिल्या काही तासांत कळलं तर पशुवैद्य रुमेन, म्हणजे मोठं पोट, उघडून चारा बाहेर काढू शकतात. रवंथ करणाऱ्या जनावरात हा चारा बराच काळ तिथेच राहतो आणि विष सुटतच राहतं. त्यामुळे पहिला दिवस निभावला म्हणून सुटलो असं समजू नये.

उभं झाड आणि कापलेला ढीग

चरणारी जनावरं उभ्या यूजवळ गेली तरी दरवेळी ती तोंड घालतातच असं नाही. घात होतो तो छाटणीनंतर. ब्रिटनमध्ये यूची हिरवी कुंपणं फार लोकप्रिय. ती कातरली की भारा तयार होतो, आणि कुंपणाच्या पलीकडे कुरण असतं. शेजाऱ्याने चांगुलपणाने किंवा आळसाने तो भारा पलीकडे फेकला की झालं. ताज्या गवतासारखा दिसणारा, हाताशी आलेला, आयता चारा. शेजाऱ्याला वाटतं आपण जनावरांना खाऊ घातलं. वादळात मोडलेली फांदी, नाताळच्या सजावटीतून काढून टाकलेली हिरवी वेल-पाती, कब्रस्तानातून उचललेला पुष्पहार, हे त्याच जातीचे प्रकार.

वाळल्याने विष उतरेल, हा समज घातक आहे. टॅक्सिन वाळलेल्या पानात महिनोन्‌महिने टिकतं. भारा सुकायला ठेवला, मग गवतात मिसळला, असं झालं तर जनावराला वेगळं काढून टाकायचीही सोय राहत नाही.

म्हणून कातरण्याआधी खाली ताडपत्री अंथरावी, जमलेलं सगळं त्याच दिवशी गोणीत भरून जनावरांच्या आवाक्याबाहेर न्यावं. कंपोस्ट करायचं तर खड्ड्याला कुंपण हवं. हातमोजे घालावेत, आणि यूचं लाकूड रंधताना किंवा घासताना मास्क लावावा, कारण भुसा नाका-डोळ्यांना झोंबतो. नुसत्या स्पर्शाने मात्र विषबाधा होत नाही. झाडाला हात लागला म्हणून घाबरून मुलाला दवाखान्यात नेण्याची गरज नाही, हात धुवावेत. यूचं लाकूड सुंदर असतं, नारिंगी-तपकिरी, खरवडलं की रेशमासारखं. मध्ययुगीन इंग्रजांची लांब धनुष्यं याचीच. त्याचे वाडगे, चमचे, पेले मात्र करू नयेत. गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, यूच्या भांड्यांतून दारू प्यायल्याने माणसं दगावल्याचं प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच लिहून ठेवलंय. कुत्र्याला फेकायला यूची काठी घेऊ नये आणि पिंजऱ्यातल्या पोपटाला बसायलाही यूची फांदी देऊ नये. दोघांनाही चावायची खोड असते.

मुलाने मणी खाल्ला तर

आधी आकडा सांगतो, कारण भीती पहिल्यांदा इथेच वाटते. १९८३ ते १९९२ या दहा वर्षांत अमेरिकेतल्या विष-माहिती केंद्रांकडे यूच्या ११ हजारांहून जास्त नोंदी झाल्या. त्यातली बहुतेक बारा वर्षांखालची मुलं होती, बहुतेकांना काहीही झालं नाही आणि मृत्यू एकही नव्हता. मुलं एक-दोन मणी तोंडात टाकतात, बी गिळतात किंवा थुंकतात. बी फोडली तर ती इतकी कडू लागते की दुसरी कुणी खात नाही.

तरीही मोबाइल बाजूला ठेवून, थांबून बघू, असं करायचं नाही. तोंडात राहिलेलं सगळं बोटाने काढा, पाण्याने चूळ भरायला लावा. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नका. मूल गुदमरलं किंवा त्याच वेळी झटका आला तर उलटी फुप्फुसात जाते. दुधाचा काही उपयोग नाही. एक डहाळी पिशवीत घाला किंवा पानाचा आणि मण्याचा फोटो काढा. किती वाजले ते लिहून ठेवा आणि फोन करा: ब्रिटनमध्ये १११, मूल निपचित पडलं तर ९९९, अमेरिकेत विष-माहितीचा १-८००-२२२-१२२२, भारतात रुग्णवाहिकेसाठी १०८. पानं चावली असतील, बिया फोडलेल्या दिसत असतील, किंवा काढा प्यायला असेल, तर लक्षणांची वाट न पाहता ईसीजी होईल अशा रुग्णालयात जा. मळमळ, चक्कर, पोटात कळ, बाहुल्या मोठ्या होणं, हातपाय गळणं हे बहुधा पहिल्या एक ते तीन तासांत दिसू लागतं, पण काही वेळा पहिलं लक्षणच कोसळणं असतं.

मोठ्यांमधल्या गंभीर घटना बहुतेक वेगळ्या असतात: चुकीच्या ओळखीने केलेला काढा किंवा जाणूनबुजून घेतलेलं विष. दुसऱ्या प्रकारात घरचे कारण लपवतात आणि तिथेच वेळ जातो. डॉक्टरांना झाडाचं नाव सांगा, बाकी चर्चा नंतर. मनाच्या मदतीसाठी भारतात टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

रुग्णालयात लवकर पोहोचलात तर सक्रिय कोळसा पाजतात, तो आतड्यातलं विष धरून ठेवतो. मंद नाडीसाठी अ‍ॅट्रोपिन देऊन पाहतात, पण ते नेहमी लागू पडत नाही. सोडियम बायकार्बोनेटचा परिणामही कुणावर होतो, कुणावर नाही. मग तात्पुरता पेसमेकर, आणि तेही अपुरं पडलं तर एक्मो, म्हणजे हृदय-फुप्फुसाचं काम शरीराबाहेर करणारं यंत्र. हा सगळा खटाटोप वेळ मिळवण्यासाठी असतो. विष शरीरातून उतरलं की ठोका बहुधा पूर्वपदावर येतो, म्हणूनच यूच्या रुग्णांमध्ये छातीवर दाब देण्याचं काम लवकर सोडत नाहीत.

नंदुरबार, साल आणि चहा

यूचं नाव बऱ्याच मराठी घरांत कर्करोगाच्या निमित्ताने येतं. पॅक्लिटॅक्सेल, मूळचं टॅक्सॉल, हे केमोथेरपीचं औषध यूमधूनच सापडलं. १९६२ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतितज्ज्ञ आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यूची साल गोळा केली. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी तिच्यातला नेमका रेणू वेगळा काढला आणि १९७१ मध्ये त्याची रचना जाहीर केली. मनसुख वाणी १९२५ साली जन्मले ते आपल्या नंदुरबारला, मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेत गेले. त्यांच्या हाती १२ किलो वाळल्या खोड-सालीतून जेमतेम अर्धा ग्रॅम पदार्थ आला. अंडाशयाच्या कर्करोगासाठी औषधाला अमेरिकेत मान्यता मिळायला १९९२ उजाडलं.

या अर्ध्या ग्रॅमच्या आकड्यातच थुनेरच्या चहाचं उत्तर आहे. ‘कॅन्सरवरचं औषध याच झाडातून निघतं, मग सालीचा चहा का नको?’ असं विचारणारे भेटतात, आणि हिमालयाच्या काही भागांत साल उकळून पिण्याची पद्धतही आहे. पॅक्लिटॅक्सेल आणि टॅक्सिन हे दोन वेगळे पदार्थ आहेत. पहिलं सालीत नाममात्र असतं, तोंडावाटे घेतलं तर आतडं ते नीट शोषून घेत नाही, म्हणून ते शिरेतूनच देतात. दुसरं मात्र आतड्यातून झटक्यात रक्तात जातं. म्हणजे काढ्यातून औषध मिळत नाही आणि विष तेवढं मिळतं. केमो चालू असलेल्या माणसाचं हृदय आधीच थकलेलं असू शकतं, त्याला तर हा प्रयोग अजिबात नको.

औषधाचा गाजावाजा झाला तसा हिमालयातल्या थुनेरवर घाला पडला. पानांची पोती भरभरून खाली आली, आणि १९९५ मध्ये हिमालयी यूचा समावेश आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या वनस्पतींच्या यादीत करावा लागला.

तालीसपत्राचा घोळ

खोकल्यावर तालीसादि चूर्ण बहुतेकांनी कधी ना कधी मधातून चाटलेलं असतं: तालीसपत्र, मिरी, सुंठ, पिंपळी, वंशलोचन, वेलची, दालचिनी, साखर. यातलं तालीसपत्र म्हणजे अ‍ॅबीस वेबिआना या हिमालयी फर वृक्षाची पानं. पण बाजारात तालीसपत्र या नावाने यूची पानंही विकली जातात, हे द्रव्यगुणाच्या, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधी द्रव्यांच्या शास्त्राच्या, अभ्यासकांना जुनंच ठाऊक आहे. आयुर्वेदात यूला स्वतःचं वेगळं नाव आहे, स्थौणेय, त्यावरूनच थुनेर. गोणीवरची पाटी बदलली की दोन्ही एकच होऊन जातात.

अख्खी पानं हातात असतील तर फरक करता येतो. फरचं पान उलटं करून उजेडात धरा: मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना दोन पांढुरके पट्टे दिसतात, आणि टोकाला बहुधा बारीक खाच असते. चुरगाळलं की राळेचा, टर्पेंटाइनसारखा वास येतो. यूचं पान खालून फिकट हिरवं-पिवळसर, पट्टे नाहीत, टोक निमुळतं, आणि चुरगाळलं तरी राळेचा वास येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली फरच्या पानाच्या आडव्या कापात दोन राळनलिका दिसतात, यूच्या पानात एकही नसते. वैद्यांनी किंवा औषध बनवणाऱ्यांनी प्रत्येक गोणी उघडताना एवढी तपासणी करायला हवी. चूर्ण झाल्यावर यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे घरच्यांनी सुटं चूर्ण कागदात बांधून आणू नये. डब्यावर तालीसपत्रापुढे अ‍ॅबीस वेबिआना हे नाव, परवाना क्रमांक आणि बॅच छापलेली असेल तेच घ्यावं. आणि तालीसपत्र म्हणून अख्खी पानं आणलीत, तर कुटायच्या आधी चार पानं चुरगाळून वास घ्यावा.